कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर, वेळ आणि त्याभोवतीचे नेहमीचे प्रश्न

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा). राज्याची दोन टोकं जोडणाऱ्या या मार्गाबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. सुटण्याच्या वेळा आणि भाडी दर हंगामात बदलतात, म्हणून ती मुद्दाम दिलेली नाहीत. जे सहसा बदलत नाही, तेच दिलं आहे.

१. कोल्हापूर ते नागपूर विमानाने किती किलोमीटर आहे?

सुमारे ७०० किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत साधारण ३७८ नॉटिकल मैल, आणि आपल्या जुन्या मैलांत ४३५. एखाद्या संकेतस्थळावर ७०० दिसेल, दुसरीकडे ७०२. दोन्ही बरोबर आहेत. एक जण पृथ्वी पूर्ण गोल धरतो, दुसरा ध्रुवांकडे किंचित चपटी धरतो, एवढाच फरक. गंमत म्हणजे मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाची लांबीही ७०१ किलोमीटर आहे, त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांत मिसळून सांगितले जातात. इथला आकडा हवेतला आहे, रस्त्याचा नाही.

२. हे अंतर नेमकं कुठून कुठे मोजतात? मला स्वतः काढता येईल का?

प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो. एका संदर्भबिंदूपासून दुसऱ्यापर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सगळ्यात जवळची रेघ म्हणजे हवाई अंतर. कोल्हापूर शहर किंवा नागपुरातली सीताबर्डी यांचा त्यात काही संबंध नाही.

कागदावर काढायचं तर असं. कोल्हापूर विमानतळ साधारण १६.६६ अंश उत्तर, ७४.२९ अंश पूर्व. नागपूर २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक ४.४३ अंश. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून ४९२ किलोमीटर उत्तरेकडे. रेखांशांतला फरक ४.७६ अंश. पण उत्तरेकडे जाऊ तशा रेखांशांच्या रेघा जवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण १०५ किलोमीटरच भरतो. म्हणजे ५०० किलोमीटर पूर्वेकडे. आता शाळेतला पायथागोरस: ४९२ चा वर्ग अधिक ५०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७०१. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, याचाच अर्थ नागपूर कोल्हापूरच्या बरोबर ईशान्येला आहे. प्रश्न ६ मध्ये ही दिशा कामाला येते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे रेखांशालाही १११ नेच गुणणं. तसं केलं तर उत्तर ७२२ च्या आसपास येतं.

३. मग विमानाला वेळ किती लागतो?

विमान कोणतं आहे, यावर अवलंबून.

एम्ब्रेअर १७५ सारखं जेट असेल तर चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत साधारण १ तास ५ ते १० मिनिटं. तिकिटावर मात्र १ तास २० ते ३५ मिनिटं लिहिलेली दिसतात. पंख्याचं एटीआर ७२ असेल तर हवेत दीड तासाच्या आसपास आणि तिकिटावर पावणेदोन ते दोन तास.

बुकिंग करताना विमानाचा प्रकार तपशिलात लिहिलेला असतो. वेळेची घाई असेल तर भाड्याच्या आधी तो बघा.

४. जेटचा वेग ताशी ८०० च्या वर असतो. मग ७०० किलोमीटरला ५० मिनिटं का नाहीत?

कारण तो वेग वाटेच्या मधल्या तुकड्यापुरताच मिळतो. विमान ३३,००० फुटांवर जातं असं धरा. तिथे चढायला वीसेक मिनिटं आणि सुमारे २०० किलोमीटर लागतात, तोवर वेग वाढतच असतो. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा आहे: प्रत्येक हजार फुटांना ३ नॉटिकल मैल. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, म्हणजे उतरायचे ३२,००० फूट. त्याला ९६ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास १८० किलोमीटर. वर वेग कमी करायला आणखी पंधरा-वीस.

७०० मधून चढ आणि उतार वजा केले की सपाट उड्डाणाला राहतात फक्त ३०० किलोमीटर. ८३० च्या वेगाने ती २२ मिनिटांत संपतात. चढायला २०, मध्ये २२, उतरायला २२, शेवटी धावपट्टीच्या रेषेत यायला ५-६. झाले १ तास १० मिनिटं. पाणी वाटून होतं न होतं तोच पट्टे बांधायची घोषणा होते, ती यामुळेच.

संकेतस्थळांवरचे ‘उड्डाणवेळ’ मोजणारे तक्ते इतका विचार करत नाहीत. अंतराला ८०० ने भागायचं आणि चढउताराचा म्हणून अर्धा तास जोडायचा, असा साधारण त्यांचा हिशेब. या मार्गावर त्याने १ तास २२ मिनिटं येतात, म्हणजे जेटसाठी उत्तर योगायोगाने ठीक. एटीआरला तोच आकडा लावला तर साफ चुकतं.

५. तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची जी वेळ असते, ती कुठल्या क्षणाची?

सुटण्याची वेळ म्हणजे चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान उभ्या जागेवरून हलतं तो क्षण, उड्डाणाचा नव्हे. पोचण्याची वेळ म्हणजे विमान दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी उभं राहून पुन्हा ठोकळे लागतात तो क्षण. या दोन्हींमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथे थांबणं, उतरल्यावर जागेवर येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय कंपन्या पाच-दहा मिनिटांची सैल ठेवतात, म्हणून ‘वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा वरचेवर ऐकू येते.

भारतभर घड्याळ एकच असल्यामुळे दोन वेळांची सरळ वजाबाकी केली की ब्लॉक टाइम मिळतो. तो आकडा लक्षात ठेवा. नुकसानभरपाई त्यावरच ठरते (प्रश्न १२).

६. जाताना आणि येताना वेळेत फरक का पडतो?

कारणं दोन: वरचा वारा आणि धावपट्टीची दिशा. लोक वाऱ्याचं नाव घेतात, पण इतक्या छोट्या मार्गावर धावपट्टीचा वाटाही तितकाच असतो.

आधी वारा. हिवाळ्यात ३०,००० फुटांच्या वर पश्चिमेकडून वारे असतात. नागपूरकडे जाताना ते पाठीवर, परतताना समोरून. मार्गाच्या रेषेत ताशी ७० किलोमीटरचा वारा धरला तर ३०० किलोमीटरच्या सपाट टप्प्यात जाताना दोनेक मिनिटं वाचतात आणि येताना तितकीच जास्त जातात. चढ-उतार धरूनही फरक सहा-सात मिनिटांच्या पुढे जाणं कठीण. परदेशी जाणाऱ्या लांब विमानांसारखा तासाचा फरक इथे पडत नाही.

आता धावपट्टी. उजळाईवाडीच्या धावपट्टीची टोकं ०७ आणि २५ आहेत, म्हणजे होकायंत्रावर ७० आणि २५० अंश. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून उड्डाण २५ वरून, नैऋत्येकडे तोंड करून. जायचं मात्र ईशान्येला! म्हणजे उडाल्यावर जवळपास पूर्ण पाठ फिरवावी लागते आणि दोन-तीन मिनिटं तिथेच जातात. ०७ वरून उडालं तर डावीकडे किंचित वळलं की झालं. नागपूरहून येताना याच्या उलट: पावसाळ्यात २५ वर जवळजवळ सरळ येऊन उतरता येतं.

सोनेगावची धावपट्टी १४ आणि ३२, म्हणजे आग्नेय–वायव्य. नैऋत्येकडून येणाऱ्या विमानाला कुठल्याही टोकाने उतरायचं असलं तरी शेवटी काटकोनात वळणं आलंच.

७. थेट विमान नसलं तर कुठून जावं?

थेट सेवा आहे की नाही हे आधी चालू वेळापत्रकात बघा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. छोट्या मार्गांवरचे बहुतेक बदल याच दोन तारखांना होतात. रोजची सेवा नसेल तर आठवड्याचे वार तपासा. परतीचा वार न बघता जाण्याचं तिकीट काढणारे बरेच फसतात.

थेट नसेल तर नकाशा हैदराबादच्या बाजूने कौल देतो. कोल्हापूर–हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, हैदराबाद–नागपूर ४३०, एकूण ८७५. मुंबईमार्गे ३०८ अधिक ६८३, म्हणजे ९९० च्या आसपास. बंगळूरमार्गे १,४०० च्या वर, आधी दक्षिणेला जाऊन मग उलटं वर यायचं. पण खरा वेळ अंतराने ठरत नाही, मधल्या थांब्याने ठरतो. मुंबईतला दोन तासांचा थांबा हैदराबादच्या सहा तासांच्या थांब्यापेक्षा केव्हाही बरा.

मुंबईमार्गे जाताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: दोन्ही तिकिटं एकाच विमानतळाची आणि एकाच टर्मिनलची आहेत का. सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ यांच्यात बाहेरच्या रस्त्याने जावं लागतं. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू आहे. त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. कोड न वाचता ‘मुंबई’ एवढंच वाचलं तर जोडविमान खाडीपलीकडे निघायचं.

आणखी एक पर्याय पुण्याचा. कोल्हापूर–पुणे रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर आणि लोहगावहून नागपूर हवेतून ६०५. पुण्याहून विमानं जास्त, म्हणून वेळ निवडता येते. पण खंबाटकी आणि पुण्यातली वाहतूक धरून रस्त्यासाठी सहा तास हाताशी ठेवा. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडच्यांनी बेळगावचा सांबरा विमानतळही पडताळून बघावा.

८. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात. काढावीत का?

स्वस्त पडतात ते खरं, पण धोका तुमच्या डोक्यावर येतो. एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असतील तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं की पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी असते, आणि सामान शक्यतो थेट नागपूरचा टॅग लागून जातं. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘आला नाहीत’. सामान मध्ये पट्ट्यावरून उचलायचं, पुन्हा काउंटरवर द्यायचं, पुन्हा सुरक्षातपासणी.

तरीही वेगळी काढायचीच असतील तर मध्ये निदान चार तास ठेवा. जून ते सप्टेंबरात कोल्हापूरहून निघणार असाल तर काढूच नका (कारण प्रश्न ११ मध्ये).

९. दारापासून दारापर्यंत किती वेळ? रेल्वेपेक्षा खरंच फायदा आहे का?

या मार्गावर आहे, आणि तो मोठा आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरहून मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा अर्धा महाराष्ट्र फिरवून नागपूरला नेते आणि पुढे गोंदियाला जाते. नागपूरपर्यंतचं रेल्वे अंतर १,२०० किलोमीटरच्या वर भरतं. हवेतल्या ७०० च्या जवळपास पावणेदोन पट. म्हणजे गाडीत पुरा एक दिवस. पंढरपूर, लातूर, परभणी, हिंगोलीवरून जाणारी वेगळी गाडी जवळच्या वाटेने जाते, पण ती रोज नसते. रस्त्याने सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ असा प्रवास आठशेच्या पुढे जातो.

विमानाचा हिशेब असा: कोल्हापुरातून उजळाईवाडी अर्धा तास, विमानतळावर दीड तास, ब्लॉक टाइम दीड तास, सामान वीस मिनिटं, सोनेगावहून शहरात अर्धा तास. एकूण चार तास वीस मिनिटं. नागपुरात मेट्रोच्या ऑरेंज मार्गिकेवर एअरपोर्ट स्थानक आहे. तिथून सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा मार्गिका पकडता येते. जड सामान असेल तर टॅक्सीच बरी.

तुम्ही इचलकरंजी, गारगोटी किंवा तिकडे वर्धा, भंडाऱ्याचे असाल तर दोन्ही टोकांचा रस्ता यात मिळवा.

१०. विमानतळ छोटा आहे, मग अर्धा तास आधी गेलं तर चालेल ना?

नाही. विमानतळ छोटा म्हणून काउंटर उशिरा बंद होत नाही. देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर साधारण सुटण्याच्या ६० मिनिटं आधी आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं. नेमकी मर्यादा तुमच्या तिकिटावर असते, तीच पाळा. छोट्या विमानतळावर उलट एक तोटा असतो: क्ष-किरण यंत्रं मोजकी, त्यामुळे दोन विमानं लागोपाठ असली की रांग एकदम तुंबते.

वेळ खाणारी एक स्थानिक गोष्ट म्हणजे प्रसाद. सुकं खोबरं पेट घेऊ शकणारा माल समजलं जातं, ते चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. पॉवर बँक उलट फक्त हातातल्या बॅगेत. या दोन वस्तूंपायी काउंटरसमोर बॅगा उघडाव्या लागतात.

११. कोल्हापूरला मोठी विमानं का येत नाहीत, आणि पावसाळ्यात विमान दुसरीकडे का वळतं?

उजळाईवाडीची धावपट्टी १,९३० मीटर आहे, सोनेगावची ३,२००. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. उंचावर आणि उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि उड्डाणाला जास्त लांबी लागते. म्हणून इथे एटीआर ७२ आणि ७६ आसनांचं एम्ब्रेअर १७५ अशी विमानं सोयीची पडतात. एप्रिल-मेच्या दुपारी तीसुद्धा कधी कधी वजन कमी करून उडतात. काही बॅगा मागाहून येतात, त्या यामुळे.

पावसाळ्यात अडचण ढगांची. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही तर वैमानिकाला पुन्हा वर जावंच लागतं. त्यात चर्चेला जागा नसते. निघतानाच टाकीत पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि वर ३० मिनिटांचं राखीव भरलेलं असतं. काही वेळ घिरट्या घालून ढग फाटले नाहीत की बेळगाव, गोवा किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी जावं लागतं. तिथे विमान इंधन भरून परत येणार की प्रवाशांना रस्त्याने पाठवणार, हे कंपनीच्या माणसाने सांगेपर्यंत स्वतःहून उतरून निघू नका. एकदा बाहेर पडलात की तुमचा प्रवास तिथेच संपला असं धरलं जाऊ शकतं.

१२. विमान रद्द झालं किंवा लांबलं तर काय मिळतं?

डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, नियमांत हे ब्लॉक टाइमवर बांधलेलं आहे. वेळेत कळवल्याशिवाय उड्डाण रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्यावर १०,०००. किंवा एकतर्फी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. कोल्हापूर–नागपूर थेट उड्डाण मधल्या गटात येतं. तिकीट ३,००० चं असेल तर ७,५०० मिळतील अशी आशा धरू नका, ‘जी कमी ती’ हे शब्द तिथेच आहेत. ही रक्कम परतावा किंवा पर्यायी उड्डाणाव्यतिरिक्त असते.

उशीर झाला तर: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांच्या पुढे उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश अशा कारणांना रोख भरपाई लागू होत नाही, पण परताव्याचा हक्क राहतो. काउंटरवर कारण लेखी मागा. ‘ऑपरेशनल’ एवढंच सांगितलं तर ते हवामान नव्हे. दाद लागली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

१३. छोट्या शहरांसाठीच्या सरकारी ‘उडान’ योजनेत तासाला अडीच हजार रुपये होते ना? मग भाडं जास्त का?

ती मर्यादा योजना सुरू झाली तेव्हाची, सुमारे एक तासाच्या किंवा ५०० किलोमीटरच्या टप्प्यासाठी. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली झालं. नंतर दर बदलत गेले. मर्यादा अंतराच्या टप्प्यांप्रमाणे असते, म्हणून ७०० किलोमीटरला ५०० चा दर लागत नाही. शिवाय ती विमानातल्या ठरावीक आसनांनाच असते, आणि तीही तो मार्ग योजनेत असेपर्यंत. कंपनीला मिळणाऱ्या सरकारी मदतीची मुदत तीन वर्षांची असते. मार्ग योजनेत नसेल किंवा ती आसनं संपली असतील, तर बाजारभाव.

१४. माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर माझं विमान ७६० किलोमीटर उडालेलं दिसलं. बाकीचे ६० कुठून आले?

वळणांतून. ७०० ही दोन बिंदूंमधली सरळ रेघ आहे. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, नियंत्रक सांगेल त्या बिंदूंवरून जातं. त्यात प्रश्न ६ मधली वळणं, उन्हाळ्यातल्या वळवाच्या ढगांना दिलेली बगल आणि सोनेगावला पुढे एखादं विमान असेल तर घेतलेली एखादी फेरी. पाच-दहा टक्के जास्त उड्डाण नेहमीचंच आहे आणि ते ब्लॉक टाइममध्ये धरलेलं असतं. भाडं त्याने वाढत नाही. नकाशावर वाकडीतिकडी रेघ दिसली म्हणून काही बिघाड झाला असंही नाही. कोल्हापूरच्या वर लंबगोल रेघा एकावर एक दिसायला लागल्या तर मात्र घ्यायला आलेल्यांनी प्रश्न ११ वाचावा आणि चहा घ्यावा.